दुखऱ्या कंबरेसाठी बाथरूममध्येच वाफ

दिवाळीनंतर कापूस वेचून कंबर धरते आणि धुळे-जळगावची थंडी ती सुटू देत नाही. अशा आखडलेल्या स्नायूंना वाफेने आराम पडतो. सांध्याची झीज मात्र वाफेने भरून येत नाही. नुकता मुरगळलेला पाय किंवा लाल, गरम सूज असेल तर वाफ नकोच. गरोदर बाई, हृदयविकार, आटोक्यात नसलेलं बीपी, मधुमेहामुळे पायाला चटका न कळणं, यापैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घरच्या बाथरूममध्ये वाफेची छोटी खोली करायची तर सुरुवात वाफेच्या मशीनपासून करू नका, खोलीपासून करा. चार बाय चार फूट जागा पुरे, उंची सात फूट. वाफ वर चढते, त्यामुळे छत उंच असेल तर ती डोक्यावरच राहते. वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स छतापर्यंत न्या, आणि छताला थोडा उतार द्या, म्हणजे गरम थेंब पाठीवर न पडता भिंतीवरून ओघळतात. दार काचेचं, वरपर्यंत बंद होणारं आणि बाहेर उघडणारं हवं. आतून कडी अजिबात नको. घेरी आली तर बाहेरच्याला आत शिरता आलं पाहिजे.

एवढ्या खोलीला चार किलोवॅटचा स्टीम जनरेटर, म्हणजे वाफ तयार करणारं मशीन, पुरतो. भिंतींना ग्रॅनाइट असेल तर थोडा मोठा घ्या, कारण दगड बरीच उष्णता पितो.

आता वीज, आणि इथे काटकसर नको. चार किलोवॅट म्हणजे साधारण साडेसतरा अँपिअर. गिझरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर हे चालणार नाही. बोर्डापासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतोच. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मशीन खोलीबाहेर, हात पोचेल अशा जागी बसवा. वाफेचं तोंड जमिनीपासून फूटभर उंच आणि बसायच्या जागेपासून लांब ठेवा, नाहीतर पोटऱ्या भाजतील.

आपल्याकडे खरी डोकेदुखी बोअरच्या पाण्याची. गिझरची कॉइल खाणारा तोच पांढरा क्षार इथेही साचतो. पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी जोडा, वापरानंतर मशीनची टाकी रिकामी करा आणि कंपनीच्या पुस्तिकेत चालत असेल तर अधूनमधून लिंबूफुलाच्या (सायट्रिक अॅसिडच्या) पाण्याने धुवा. टाकीत तेल किंवा पाला घालू नका. निर्गुडी हवीच असेल तर पाला फडक्यात बांधून, तोंड न अडवता, वाफेजवळ टांगा.

चाळीस ते पंचेचाळीस अंशांवर दहा-पंधरा मिनिटं बसा, आधी आणि नंतर पाणी प्या. खोली तापण्यासकट एका वेळेला दीड-दोन युनिट जळतात. बाहेर आल्यावर लगेच पंख्याखाली बसू नका. अंग कोमट असतानाच कंबर हलकेच ताणा. मे महिन्यात, भुसावळ चव्वेचाळीसवर असताना, मशीनचा एमसीबी पाडून ठेवलेलाच बरा.