पिकअपच्या हौद्यात एलईडी दिवे बसवताना

पिकअपच्या हौद्यात उजेड लागतो तो माल चढवताना आणि उतरवताना, आणि या दोन्ही वेळा बहुधा अंधाराच्या असतात. पुरंदरच्या बागेतून अंजिराचे क्रेट संध्याकाळी भरायचे, दिवे घाट उतरून हडपसरमार्गे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटेच पोचायचे आणि तिथे रिकामे करायचे, हा ज्यांचा रोजचा क्रम आहे त्यांना मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून क्रेट मोजण्याचा त्रास ठाऊक असेल. हौद्यात कायमचे एलईडी दिवे बसवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. दिवा बसवायला अर्धा तास पुरतो. त्या दिव्यापर्यंतची वायर, फ्यूज आणि अर्थ (म्हणजे प्रवाहाची बॅटरीकडे परतीची वाट) नीट करायला मात्र अख्खा दिवस राखून ठेवावा. पुढे गाडी बंद पडते किंवा वायर जळते ती याच तीन गोष्टींमुळे, दिव्यामुळे क्वचितच.

माझ्या गाडीत पहिले दिवे रस्त्याकडेच्या एका कारागिराने बसवून दिले होते. त्याने टेल लॅम्पची वायर मध्येच सोलून तिला नवी वायर पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. काम स्वस्तात झाले आणि वर्षभर चालले. दुसऱ्या पावसाळ्यात त्या जोडात पाणी शिरले आणि दिवे घाट उतरताना टेल लॅम्पचा फ्यूज उडाला. गाडीचा मागचा भाग पूर्ण काळोखात होता आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. घाट संपल्यावर मागच्या टेम्पोवाल्याने गाडी आडवी घालून सांगितले, तेव्हा कळले. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो आणि तोच इथे आग्रहाने सांगतो: नव्या दिव्यांची लाइन थेट बॅटरीवरून वेगळी काढावी आणि गाडीच्या मूळ वायरिंगला कुठेही कापू नये. टेल लॅम्पचा एक दिवा ५ वॅटचा असतो. दोन्ही बाजू मिळून १० वॅटसाठी आखलेल्या त्या लाइनवर आणखी ३६ वॅट टाकणे म्हणजे तिच्यावरचा भार साडेचारपट करणे होय.

वायरिंगच्या आधी कायद्याचा भाग पाहू, कारण दिवा कोठे आणि कसा लावायचा हे त्यावर ठरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ प्रमाणे वाहनाच्या मागील बाजूस लाल सोडून अन्य रंगाचा प्रकाश दाखवता येत नाही; वाहनाच्या आतील प्रकाशयोजनेला त्यातून सूट आहे. नियम १११ प्रमाणे पुढच्या बाजूस स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय लावता येत नाही. नियमबाह्य फेरफारासाठी मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२-ए मध्ये, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. म्हणून केबिनच्या टपावर पांढरी एलईडी पट्टी बसवण्याच्या नादी लागू नये. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा उजेड आपल्या कामाचा नाही. हौद्यातले दिवेही केबिनमागच्या जाळीवर, तोंड मागे करून लावू नयेत. ताडपत्रीच्या कमानी असतील तर त्यांच्या आतून खाली तोंड करून, नसतील तर दोन्ही बाजूंच्या फाळक्यांच्या आतल्या अंगाला खाली झुकवून लावावेत. असा उजेड मालावर पडतो, मागच्या चालकाच्या डोळ्यांवर पडत नाही. तरीही गाडी रस्त्यावर नेताना ते बंद करावेत.

आता हिशेब. प्रत्येकी १८ वॅटचे दोन दिवे पिकअपच्या हौद्याला भरपूर होतात. एकूण ३६ वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ३ अँपिअर विद्युतप्रवाह. बॅटरीपासून हौद्यापर्यंत वायरची वाट साधारण ५ मीटर धरली, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये दर मीटरला सुमारे १२ मिलिओहम रोध असल्याने वाटेत जेमतेम ०.२ व्होल्ट खर्च होतात. त्याच जागी ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली तर अर्ध्या व्होल्टहून जास्त वाया जातात, आणि ते वायरच्या उष्णतेत जातात. चांगल्या एलईडी दिव्यांमधील ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला प्रवाह पुरवणारे सर्किट, व्होल्टेज कमी झाले की जास्त प्रवाह ओढते. त्यामुळे दिवा मंद झालेला दिसत नाही आणि वायर तापत राहिलेली लक्षात येत नाही. जुन्या बल्बच्या काळात दिवा मिणमिणला की वायरिंगचा दोष आपोआप समजत असे. आता तो मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचे यंत्र, लावूनच शोधावा लागतो.

खरेदीसाठी पुण्यात दोन जागा पुरेशा आहेत. रिले (बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच), फ्यूज होल्डर आणि मोटारीची वायर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळते. मल्टिमीटर, हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) आणि क्रिंपिंगची, म्हणजे वायरच्या टोकावर थिंबल दाबून बसवायची, पक्कड बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. घरगुती वायर स्वस्त पडली तरी घेऊ नये, कारण इंजिनाजवळची उष्णता आणि सततचे हादरे यांसाठी ती बनवलेली नसते. वायर घेताना तिचे टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे आणि वरचा सगळा हिशेब तिला लागू पडत नाही. दिव्यावर आयपी ६७ लिहिलेले असावे, म्हणजे त्यात धूळ शिरत नाही आणि तो अर्धा तास एक मीटर पाण्यात राहिला तरी टिकतो. भाजीची गाडी वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने धुतली जाते, तेव्हा फवारा थेट दिव्याच्या सांध्यावर धरू नका असे धुणाऱ्याला सांगावेच.

कामाला सुरुवात करताना किल्ली काढून काही मिनिटे थांबावे आणि मग बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम सोडवावी. पॉझिटिव्ह आधी सोडवू लागलो आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होऊन पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. काम संपल्यावर हा क्रम उलटा, म्हणजे निगेटिव्ह शेवटी जोडावी.

पहिला जोड बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. तिथून निघालेल्या वायरवर वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर असला पाहिजे. फ्यूज दिव्याचे रक्षण करतो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो वायरचे रक्षण करतो, आणि बॅटरी ते फ्यूज हा तुकडा असुरक्षितच राहतो. म्हणून तो जितका आखूड तितका बरा. ३ अँपिअरच्या भारासाठी ७.५ अँपिअरचा, तपकिरी रंगाचा ब्लेड फ्यूज घ्यावा. तो उडाला तर पिवळा, म्हणजे २० अँपिअरचा, घालून वेळ मारून नेऊ नये. त्यापेक्षा त्या रात्री दिव्याविना माल उतरवावा.

फ्यूजपासून वायर रिलेकडे जाते. ३ अँपिअर साधा स्विचही सहज पेलतो, तेव्हा रिले हवाच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. तरी मी रिले लावतो, कारण नाहीतर दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डमागे नेऊन परत आणावा लागतो, वायर लांबते आणि केबिनमध्ये एक जोड वाढतो. चार पिनांच्या रिलेवर क्रमांक कोरलेले असतात. फ्यूजकडून आलेली वायर ३० वर आणि दिव्यांकडे जाणारी ८७ वर जोडावी. ३० वरूनच एक बारीक, ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर केबिनमधल्या स्विचकडे न्यावी, स्विचमधून ती ८६ वर आणावी आणि ८५ अर्थला द्यावी. रिलेची कॉइल साधारण ०.१५ अँपिअरच घेते, त्यामुळे ही बारीक वायर पुरते, आणि तिलाही तोच फ्यूज राखतो. बीएस-६ (प्रदूषणाच्या भारत स्टेज-६ निकषाच्या) गाडीत डायोड किंवा रेझिस्टर बसवलेला रिले घ्यावा, कारण कॉइल बंद होताना उठणारा उच्च व्होल्टेजचा झटका गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला मानवत नाही. डायोडवाल्या रिलेत ८६ ला पॉझिटिव्ह आणि ८५ ला अर्थ ही दिशा पाळावीच लागते.

या रचनेत किल्ली काढलेली असतानाही दिवे लागतात, आणि माल उतरवताना तेच हवे असते. धोका विसरण्याचा आहे. चार तास दिवे राहिले तर १२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ६० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा; जुनी बॅटरी तेवढ्याने सकाळी स्टार्टर फिरवणार नाही. यासाठी स्विच असा घ्यावा की ज्यात छोटा लाल दिवा जळतो आणि तो चालकाला बसल्या जागेवरून दिसतो.

अर्थविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण परत परत दुरुस्तीला आलेल्या दिव्यांमध्ये मला बहुतेक वेळा हाच दोष सापडला आहे. हौद्याचा पत्रा लोखंडाचा आहे म्हणून दिव्याची काळी वायर तिथेच स्क्रूखाली दाबली जाते. पण अनेक पिकअपमध्ये हौदा आणि चेसिस यांच्यामध्ये रबरी किंवा लाकडी पट्ट्या असतात, आणि त्यांना जोडणारे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात. मग प्रवाह परतीची वाट शोधत कधी या बोल्टमधून, कधी टेल लॅम्पच्या अर्थमधून जातो, आणि ब्रेक दाबला की हौद्यातला दिवा मंद होण्यासारखे विचित्र प्रकार दिसतात. म्हणून दोन्ही दिव्यांची काळी वायर लाल वायरच्याच जाडीची घेऊन चेसिसपर्यंत खाली आणावी. तिथला रंग सॅंडपेपरने घासून धातू चकचकीत करावा, वायरच्या टोकाला गोल थिंबल (बोल्ट ओवायची धातूची कडी) दाबून बोल्टने आवळावे आणि वर ग्रीस किंवा रंग लावावा. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ही वायर थेट नेऊ नये. काही गाड्यांत तिथे बॅटरीचा भार मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला वगळून गेलेला प्रवाह त्याच्या मोजणीत येत नाही.

जोड पिळून टेप लावण्याची पद्धत सोडून द्यावी. एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटखाली टेपचा डिंक वितळून ती सुटते. सोल्डरही मी टाळतो, कारण कथिल वायरच्या तारांमध्ये जिथपर्यंत चढते तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. योग्य मापाचे थिंबल क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबावे, हाताने जोराने ओढून पाहावे आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह गरम करून बसवावी. ओढल्यावर निसटणारा जोड आत्ताच निसटलेला बरा.

वायर नेताना मूळ वायरिंग चेसिसच्या ज्या बाजूने गेले आहे त्याच बाजूने, फ्लेक्झिबल पाइपमध्ये घालून न्यावी. सायलेन्सरच्या पाइपपासून हातभर दूर राहावे, प्रॉपेलर शाफ्टजवळून आणि स्प्रिंगच्या पाट्यांजवळून जाऊ नये, आणि ब्रेकच्या नळीला केबल टायने बांधू नये. पत्र्याला छिद्र पाडलेच तर कडा घासून प्रायमर लावावा आणि रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारी कडी) बसवल्याशिवाय वायर ओवू नये. दिव्याजवळ वायरला खाली झोळ ठेवावा, म्हणजे पाणी त्या झोळातून ठिबकते, दिव्यात शिरत नाही.

आता दिवे लावून मोजणी करावी. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतील. मग मल्टिमीटरची लाल तार दिव्याच्या पॉझिटिव्हला आणि काळी दिव्याच्या निगेटिव्हला लावावी. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर कुठेतरी जोड कच्चा आहे. दोष अर्थकडे आहे का हे पाहण्यासाठी एक तार दिव्याच्या निगेटिव्हला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर थिंबल पुन्हा उघडून धातू घासावा. पंधरा मिनिटांनी फ्यूज होल्डर आणि रिले यांना हात लावून पाहावा. कोमट ठीक, चटका बसला तर तिथला जोड उघडावाच. रेडिओ लावूनही पाहावे, कारण हलक्या ड्रायव्हरमुळे एफएमवर घरघर येते आणि त्या दिव्याची जात तिथेच समजते.

पहिल्या पंधरवड्यानंतर चेसिसवरचा अर्थचा बोल्ट एकदा आवळावा, आणि दरवर्षी मेअखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, वरच्या दोन्ही मोजण्या पुन्हा घ्याव्यात. कोणती वायर कुठून कुठे गेली, फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि रिले कुठे बसवला आहे हे एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा; रात्री घाटात गाडी उघडणारा मेकॅनिक तुम्हाला ओळखत नसेल, पण तो कागद त्याला वाचता येईल.