कोरफड लावा, पण सनस्क्रीनच्या जागी नको
कोल्हापुरात रंकाळ्यावर ऊन चढल्यावर फिरणारे किंवा महाद्वार रोडला दिवसभर दुकानाच्या दारात बसणारे, यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आणि डाग लवकर दिसतात. मोठं कारण उन्हातले यूव्हीए, म्हणजे एका प्रकारचे अतिनील किरण. ते ढगांतून, काचेतूनही येतात आणि त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, मोडतात. ग्रीन टीचा अर्क असलेलं क्रीम थोडी मदत करतं. त्यातली पॉलिफेनॉल ही वनस्पतीतली द्रव्यं उन्हाने तयार होणारे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, निकामी करतात. पण किरण अडवणं त्याचं काम नव्हे. म्हणून त्यावर एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून संरक्षणाचा आकडा) 30 किंवा जास्तीचं, पीए+++ (यूव्हीएपासून संरक्षणाची खूण) सनस्क्रीन हवंच. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. नुसत्या खोबरेल तेलावर भागवू नका.

कुंडीतली कोरफड वापरायची तर पान कापून थोडा वेळ उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या. तो त्वचेला झोंबतो. मग धुऊन, साल काढून फक्त पारदर्शक गर घ्या. तोही उन्हातून आल्यावर, थंडाव्यापुरता, आणि पहिल्यांदा हातावर लावून बघून.

लिंबू चोळून मात्र उन्हात जाऊच नका, रीलमध्ये कुणी काहीही सांगो. रसातली फ्युरोकौमरिन नावाची रसायनं उन्हात त्वचा भाजतात, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.