गिटारच्या व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या) अँपचा प्रेझेन्स नॉब नेमकं काय करतो?

आधी बास, मिडल, ट्रेबल मधोमध ठेवा. हे तीन प्रीअँपचे, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी घडवणाऱ्या भागाचे. प्रेझेन्स पॉवर अँपचा, म्हणजे स्पीकर हलवणाऱ्या भागाचा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या बाजूने थोडा सिग्नल मागे फेज इन्व्हर्टरकडे, म्हणजे पॉवर अँपच्या सुरुवातीच्या टप्प्याकडे, जातो. हा निगेटिव्ह फीडबॅक आवाजाला लगाम घालतो. प्रेझेन्स वाढवला की वरच्या फ्रिक्वेन्सींपुरता लगाम सैल होतो, म्हणून धार येते. काही अँपवरचा रेझोनन्स नॉब हेच खालच्या फ्रिक्वेन्सींसाठी करतो. व्हॉक्स एसी ३० या अँपमध्ये हा फीडबॅकच नाही, म्हणून प्रेझेन्सही नाही. तिथे कट नावाचा नॉब असतो, आणि तो वाढवला की तिखटपणा कमी होतो.

सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत, पलीकडे शेजारी असताना, मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) जेमतेम उघडतो. तेवढ्या आवाजात प्रेझेन्सचा फरक स्पष्ट कळतो. कर्वे रस्त्यावर ड्रमसोबत सराव करताना पॉवर व्हॉल्व्ह क्लिप होऊ लागले, म्हणजे क्षमतेच्या टोकाला जाऊन सिग्नल कापू लागले, की फीडबॅकचा ताबा सुटतो आणि तोच नॉब निम्माही बोलत नाही. म्हणून आधी मास्टर ठरवा, मग प्रेझेन्स. घरचं सेटिंग तिथे नेऊ नका.

ट्रायोड-पेंटोड स्विच (पॉवर व्हॉल्व्ह चालवायची पद्धत बदलणारा) असेल तर ट्रायोडवर पॉवर साधारण निम्मी होते आणि आवाज मऊ होतो. शांतता मात्र मिळत नाही.

मागचा इम्पीडन्स (स्पीकरचा विद्युत विरोध, ओहममध्ये) स्विच स्पीकर कॅबिनेटशी जुळवा: ८ ओहमला ८. स्पीकर न जोडता अँप कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बायस, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हच्या स्थिर करंटची जुळणी, मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. आत ४०० व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकतात.