पदच्युत हुकूमशहाच्या देहदंडाचे राजकीय परिणाम कसे जोखावेत

सत्तेवरून खाली खेचलेल्या हुकूमशहाला फाशी दिल्याची किंवा गोळ्या घातल्याची बातमी येते, तेव्हा पहिल्या दोन दिवसांतल्या लेखांमध्ये बहुधा दोनच भाकिते आढळतात. एक म्हणजे, आता तो हुतात्मा होणार. आणि दुसरे, देशातले एक काळे पर्व संपले. दोन्ही भाकिते लिहायला सोपी आहेत आणि दोन्ही बहुतेक वेळा चुकतात. अशा घटनेवर लिहू पाहणाऱ्यांना, किंवा निदान ती नीट समजून घेऊ इच्छिणाऱ्यांना, उपयोगी पडेल अशी एक पद्धत येथे मांडतो. राजकीय परिणाम त्या माणसाच्या मरणातून फारसे निघत नाहीत असे माझे मत आहे. शिक्षा कोणाच्या हातून झाली, किती घाईने झाली आणि कोणते प्रश्न अर्धवट ठेवून झाली, यांतून ते निघतात. म्हणून शोधायचे तेही तेथेच.

सुरुवातीला प्रकरणांची वर्गवारी करावी, कारण वेगवेगळ्या जातीची उदाहरणे एकाच पोत्यात भरली की तुलना फसते. लिबियाचे मुअम्मर गद्दाफी यांना २० ऑक्टोबर २०११ रोजी सिर्तमध्ये बंडखोरांनी पकडले आणि ते त्यांच्याच ताब्यात मारले गेले. तेथे ना खटला होता ना शिक्षा, त्यामुळे त्या घटनेला देहदंड म्हणता येणार नाही. पाकिस्तानचे झुल्फिकार अली भुट्टो यांना १९७९ मध्ये फाशी झाली खरी, पण ते निवडून आलेले पंतप्रधान होते आणि त्यांना फासावर चढवणारी राजवट लष्करी होती. त्यांच्या कन्येचा पक्ष १९८८ मध्ये निवडणूक जिंकून सत्तेवर आला, हे उदाहरण ‘हुतात्मा होणार’ या भाकिताच्या पुष्ट्यर्थ नेहमी पुढे केले जाते. परंतु ज्याच्यामागे आधीपासूनच मते होती त्याचा दाखला, ज्याच्यामागे केवळ धाक होता त्याच्यासाठी देणे चुकीचे आहे.

वर्गवारी झाल्यावर कागदावर दोन रकाने आखावेत. एका रकान्यात खटल्याच्या तारखा लिहाव्यात आणि दुसऱ्यात देशात त्याच सुमारास आधीपासून काय चालले होते ते लिहावे. इराकचे हुकूमशहा सद्दाम हुसेन यांच्याबाबत पहिला रकाना असा भरेल: डिसेंबर २००३ मध्ये न्यायाधिकरणाची स्थापना आणि त्याच महिन्यात अटक, १९ ऑक्टोबर २००५ रोजी खटल्याला प्रारंभ, ५ नोव्हेंबर २००६ रोजी शिक्षा, २६ डिसेंबरला अपील फेटाळले, ३० डिसेंबरला फाशी. दुसऱ्या रकान्यात २२ फेब्रुवारी २००६ ही तारीख ठळक लिहावी लागते, कारण त्या दिवशी समारा येथील अल-अस्करी दर्ग्यात स्फोट झाला आणि शिया-सुन्नी हिंसाचाराने उग्र रूप धारण केले. फाशीनंतरच्या महिन्यांतला रक्तपात पाहून ‘हा फाशीचा परिणाम’ असे लिहिणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ घालणे होय. पेटलेल्या घरात फाशीने काय वाढवले, एवढाच प्रश्न विचारणे रास्त ठरते.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे तर शिक्षेची अंमलबजावणी अगदी जवळून पाहावी लागते. सरकारी दूरचित्रवाणीने जे चित्रण दाखवले ते मूक होते: दोर गळ्यात अडकवला जातो आणि चित्र थांबते. त्या खोलीत कोणीतरी मोबाइलवर जे टिपले त्यात मात्र आवाज होता. त्यात ‘मुक्तदा, मुक्तदा’ अशा घोषणा ऐकू येतात, म्हणजे शिया नेते मुक्तदा अल-सद्र यांच्या नावाचा गजर. सद्दाम त्यावर टोमणा मारतात. आणि हा माणूस फासावर जात आहे, आता तरी थांबा, अशा अर्थाची विनवणी करणारा एक आवाजही येतो. पहिल्या चित्रफितीत राज्यसंस्था शिक्षा देताना दिसते, दुसरीत एक गट आपला हिशेब चुकता करताना दिसतो. दृश्य तेच असले तरी अरब जगतात पसरली ती दुसरी चित्रफीत. शिवाय तो दिवस सुन्नींच्या बकरी ईदचा होता. इराकच्या स्वतःच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात सणाच्या दिवशी देहदंड देण्यास मनाई होती, परंतु देशातल्या शियांची ईद दुसऱ्या दिवशी होती. त्यामुळे नव्या राज्यात कोणाची ईद ही ईद समजायची, या प्रश्नाचे उत्तर कोणी तोंडाने न देताही सर्वांना मिळाले. राष्ट्राध्यक्ष जलाल तालबानी यांचा देहदंडाला तत्त्वतः विरोध होता, आणि अंमलबजावणीच्या आदेशावर सही झाली ती पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांची. असे प्रकरण अभ्यासताना दिवस, सही, साक्षीदार आणि आवाज या चार गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवून ठेवाव्यात. नव्या सत्तेची अधिमान्यता वाढली की घटली, हे निकालपत्रापेक्षा या चार नोंदींतून अधिक कळते.

त्यानंतर आरोपपत्राकडे वळावे, आणि त्यात काय आहे याबरोबरच काय राहून गेले आहे तेही पाहावे. सद्दाम यांना फाशी झाली ती दुजैल प्रकरणी. १९८२ मध्ये त्या गावात त्यांच्यावर हल्ल्याचा प्रयत्न झाल्यानंतर १४८ शिया पुरुष आणि मुलगे मारले गेले होते. कागदोपत्री पुरावा मजबूत असल्यामुळे हे प्रकरण आधी घेणे वकिली दृष्टीने शहाणपणाचे होते. परंतु कुर्दांविरुद्धच्या १९८८ च्या अन्फाल मोहिमेचा खटला तेव्हा सुरू होता आणि मुख्य आरोपी मेल्यामुळे त्याच्यापुरता तो बंद झाला. हलबजा येथील विषारी वायूच्या हल्ल्याबद्दल तर त्यांना न्यायालयात एकदाही उत्तर द्यावे लागले नाही. अन्फालमधल्या कुर्द कुटुंबांना आरोपीच्या पिंजऱ्यातली ती खुर्ची रिकामी पाहावी लागली. येथे एक साधा नियम वापरावा: फाशीच्या दिवशी कोणकोणते खटले अपूर्ण होते आणि ते पूर्ण झाले असते तर आणखी कोणाची नावे बाहेर आली असती, याची यादी करावी. यादी जितकी लांब, तितका पुढे संशयाला वाव अधिक.

घाईचा अभ्यास करायचा असेल तर रुमानियासारखे उदाहरण नाही. तेथील हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू २२ डिसेंबर १९८९ रोजी हेलिकॉप्टरने बुखारेस्टमधून निसटले, पकडले गेले, आणि २५ तारखेला तिर्गोविश्ते येथील लष्करी छावणीत सुमारे तासाभराच्या खटल्यानंतर त्यांना व पत्नी एलेना यांना लगेच गोळ्या घालण्यात आल्या. बचावाचे वकीलच अशिलांवर ताशेरे ओढत होते. आरोपांत ६० हजार बळींचा आकडा होता. क्रांतीतल्या मृतांची संख्या पुढे अकराशेच्या आसपास निघाली, आणि त्यांतले बहुसंख्य चाउशेस्कू पळून गेल्यानंतर, म्हणजे त्यांच्या हाती काही सत्ता उरलेली नसताना मारले गेले होते. मग गोळ्या कोणाच्या हुकमाने चालल्या? हा प्रश्न त्या तासाभरात कोणी विचारला नाही, आणि तो विचारला जाऊ नये यात कोणाचे हित होते ते पाहणे हेच अभ्यासकाचे काम. खटल्याची व्यवस्था पाहणाऱ्यांत जनरल व्हिक्टर स्तान्कुलेस्कू होते. काही दिवसांपूर्वी तिमिशोआरा येथे निदर्शकांवर झालेल्या गोळीबाराशी त्यांचा संबंध होता, आणि हुकूमशहाच्या पुढच्या आज्ञा टाळण्यासाठी त्यांनी चांगल्या पायाला प्लास्टर घालून घेतले होते. तिमिशोआराच्या प्रकरणात त्यांना अखेर २००८ मध्ये १५ वर्षांची शिक्षा कायम झाली. त्या प्लास्टरमध्ये सत्तांतराचे सारे व्यवहारज्ञान सामावले आहे, असे मला नेहमी वाटते.

तरीही रुमानियात चाउशेस्कूंच्या नावाने बंड झाले नाही, ही गोष्ट ‘हुतात्मा’ सिद्धान्ताच्या समर्थकांनी ध्यानात घ्यावी. झाले ते वेगळेच. जुन्या कम्युनिस्ट पक्षातूनच आलेले इऑन इलिएस्कू राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे नेते म्हणून पुढे आले आणि मे १९९० मध्ये ८५ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. सारे पाप दोन मृतदेहांच्या माथी मारले की बाकीच्यांचे हात आपोआप धुऊन निघतात. म्हणून शिक्षेनंतर सहा महिन्यांनी मंत्रिमंडळ, सैन्य आणि गुप्तहेर खाते यांतल्या वरिष्ठांची नावे जुन्या यादीशी ताडून पाहावीत. विषुववृत्तीय गिनीत तर त्यासाठी सहा महिनेही थांबावे लागले नाही: फ्रान्सिस्को मासियास न्गेमा यांना ऑगस्ट १९७९ मध्ये उलथवणारे तेओदोरो ओबियांग हे त्यांचे पुतणे आणि त्यांच्याच राजवटीतले लष्करी अधिकारी होते. खटला मलाबोच्या चित्रपटगृहात चालला, २९ सप्टेंबरला मोरोक्कोच्या सैनिकांनी गोळ्या घातल्या, आणि सत्ता तेव्हापासून पुतण्याकडेच आहे.

पुढची पायरी पायंड्याची. घानात बंड करून सत्तेवर आलेले लष्करी अधिकारी जेरी रॉलिंग्ज यांच्या क्रांतिकारी परिषदेने जून १९७९ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने अचेम्पाँग, अकुफो आणि आफ्रिफा या तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या. नायजेरियाने निषेध म्हणून तेलाचा पुरवठा रोखला. ठरल्याप्रमाणे निवडणूक झाली, सप्टेंबरमध्ये मुलकी सरकारकडे सत्ताही सोपवली गेली, आणि ३१ डिसेंबर १९८१ रोजी रॉलिंग्ज यांनीच ते सरकार उलथवले. पुढच्या बंडखोरांना जरब बसावी हा देहदंडाचा हेतू सांगितला जातो. येथे तो सांगणारा स्वतःच पुढचा बंडखोर निघाला.

देशाबाहेरच्या हुकूमशहांवरचा परिणाम जोखताना मात्र फार जपून लिहावे. चाउशेस्कूंशी मैत्री असलेल्या झाइरच्या मोबुटू सेसे सेको यांनी एप्रिल १९९० मध्ये बहुपक्षीय राजकारणाला मोकळीक देत असल्याचे जाहीर केले. याउलट गद्दाफी यांनी २००८ च्या दमास्कस येथील अरब लीग परिषदेत सद्दाम यांच्या फाशीचा उल्लेख करून, उद्या तुमच्यापैकी कोणाचीही पाळी येईल, असे जमलेल्या नेत्यांना सुनावले, आणि सभागृहात हशा पिकला. तीन वर्षांनी त्यांच्यावर वेळ आली तेव्हा ते देश सोडून गेले नाहीत. एकाने दार थोडे किलकिले केले, दुसरा शेवटपर्यंत लढला. त्यामुळे ‘फाशीने इतर हुकूमशहा वठणीवर येतात’ किंवा ‘फाशीने ते अधिक हट्टाला पेटतात’ यांपैकी कोणतेही वाक्य एकेका उदाहरणाच्या जोरावर ठोकून देऊ नये.

देहदंड टळलेली प्रकरणे शेजारी ठेवल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. दक्षिण कोरियाचे माजी लष्करशहा चुन दू-ह्वान यांना ऑगस्ट १९९६ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, अपिलात त्याची जन्मठेप झाली आणि डिसेंबर १९९७ मध्ये माफी मिळाली. त्या माफीला संमती देणारे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांना १९८० मध्ये चुन यांच्याच राजवटीत मृत्युदंड सुनावला गेला होता. कोरियन लोकशाही त्यानंतर टिकून राहिली, हे खरे; पण चुन २०२१ मध्ये वारले तोवर त्यांनी ग्वांगजू येथील १९८० च्या हत्याकांडाबद्दल क्षमा मागितली नाही, आणि तेथल्या कुटुंबांच्या लेखी ही किंमत लहान नव्हती. दयेच्या रकान्यातही खर्च लिहावा लागतो. जो लिहीत नाही त्याचे लिखाण अभ्यासाचे राहत नाही, ते वकिली होते.

शेवटची नोंद देहाची, आणि ती वर्षानुवर्षे उघडी ठेवावी. मुसोलिनी यांचा मृतदेह १९४६ मध्ये नवफासिस्टांनी थडग्यातून पळवला. तो परत मिळाल्यावर अकरा वर्षे लपवून ठेवावा लागला आणि १९५७ मध्ये प्रेदाप्पिओ येथे कुटुंबाच्या स्वाधीन केला गेला, जेथे आजही चाहते जमतात. चाउशेस्कू दांपत्य खरोखर त्याच थडग्यांत आहे का, या शंकेपोटी २०१० मध्ये बुखारेस्टमधली थडगी उकरून डीएनए तपासणी करण्यात आली. इलिएस्कू यांच्यावर डिसेंबर १९८९ मधल्या मृत्यूंबद्दल मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला तो २०१८ मध्ये, म्हणजे त्या तासाभराच्या खटल्यानंतर २९ वर्षांनी. घानातल्या तीन राष्ट्रप्रमुखांचे अवशेष उकरून कुटुंबांकडे सोपवले गेले ते २००१ मध्ये, रॉलिंग्ज यांची कारकीर्द संपल्यानंतर. त्यामुळे रकाने आखताना खालची अर्धी पाने कोरी सोडावीत.