‘अनडिफाइन्ड रेफरन्स’चा घोळ कसा सुटला

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा चादरीचा कारखाना आहे. जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइनसाठी त्यांना एक जुना ओपन सोर्स प्रोग्राम उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) हवा होता. तयार पॅकेज मिळेना, म्हणून सोर्सवरूनच कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला घेतला.

आधी लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) जोडणाऱ्या प्रोग्रामला, पीएनजी या चित्र-फॉरमॅटची लायब्ररी सापडेना. मामा म्हणाले, “अरे, फोटो तर उघडतायत की!” उघडणारच. प्रोग्राम चालायला लागणारी लायब्ररीची फाइल असतेच. लिंकर मात्र आवृत्तीचा आकडा नसलेली ‘लिबपीएनजी डॉट एसओ’ शोधतो, आणि ती डेव्ह पॅकेजमधून (प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठीच्या वेगळ्या पॅकेजमधून) येते. ते टाकलं, तो प्रश्न मिटला.

खरी गोची पुढेच होती. सगळ्या फाइल्स कंपाइल झाल्या आणि शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (वापरलेलं फंक्शन कुठे सापडलं नाही) या एररची रांगच लागली. अशा वेळी एररपेक्षा तिच्या वरची कमांड वाचावी, असं माझं ठाम मत आहे. तिथे लायब्रऱ्या आधी होत्या, ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) नंतर. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो. लायब्ररी समोर आली तेव्हा तिची गरज कुणालाच लागलेली नसेल, तर तो तिला सोडून देतो. शेअर्ड (प्रोग्राम चालताना जोडल्या जाणाऱ्या) लायब्ररीचंही तेच, कारण उबुंटूवर ‘ॲज नीडेड’ (गरज असेल तरच जोडा) हा पर्याय मुळातच चालू असतो.

मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपाइल-लिंक करून घेणाऱ्या ‘मेक’ या प्रोग्रामच्या सूचनांच्या फाइलमध्ये, लायब्रऱ्या ‘एलडीफ्लॅग्ज’ या व्हेरिएबलमध्ये लिहिल्या होत्या. मेकच्या अंगभूत नियमात ते ऑब्जेक्टच्या आधी येतात, ‘एलडीलिब्ज’ नंतर. नावं तिकडे हलवली आणि पुन्हा मेक चालवलं; फक्त लिंकच अडली होती, त्यामुळे मेक क्लीनचीही (आधी बनलेलं सगळं पुसण्याची) गरज पडली नाही. स्टॅटिक (प्रोग्राममध्येच भरल्या जाणाऱ्या) लायब्रऱ्या असतील तर आपसातला क्रमही पाहा: पीएनजी आधी, तिला लागणारी झेडलिब नंतर.