गाडी सर्व्हिसिंगला टाकताय? मी केलेल्या या चुका टाळा

एप्रिलमधली गोष्ट. सोलापूरचं ऊन काय ते सांगायला नको, आणि मी वर्कशॉपच्या एसी लाउंजमध्ये बसून फुकटची कॉफी पीत होतो, मनात म्हणत होतो काय सर्व्हिस आहे बघा यांची, एकदम साहेबासारखं बसवलंय. कॉफी संपायच्या आत बिल आलं. सकाळी साडेसहा हजार सांगितलेले, बिल अकरा हजार आठशेचं. एवढी महाग कॉफी मी पुण्यात पण प्यायलो नाही.

वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण एकाच ठिकाणचा हा प्रकार नाही, होटगी रोडपासून पुणे रोडपर्यंत ज्याला विचाराल त्याच्याकडं अशी एक तरी गोष्ट निघतेच. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी निम्म्या चुका माझ्याच होत्या.

चूक पहिली: जॉब कार्ड न वाचता सही

सकाळी गाडी आत घेतली की सर्व्हिस ॲडव्हायझर टॅब नाहीतर कागद पुढं करतो, "सर इथं एक सही", आपण घड्याळाकडं बघत सही ठोकतो आणि रिक्षा पकडतो. तो कागद म्हणजे जॉब कार्ड. काय काम करायचं, अंदाजे खर्च किती, किलोमीटर किती, टाकीत पेट्रोल किती, अंगावर ओरखडे कुठं, सगळं त्यावर असतं, आणि खाली बारीक अक्षरात बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की जादा काम निघालं तर ग्राहकाची संमती आहे. संध्याकाळी काउंटरवर आपण जे भांडतो ना, ते सकाळी या कागदावरच हरलेलो असतो.

म्हणून आता मी दोन गोष्टी करतो. तक्रार माझ्या शब्दांत लिहायला लावतो, म्हणजे "ब्रेक चेक" असं मोघम नाही, तर "सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला पुढून डावीकडून कर्र आवाज". आणि खाली स्वतः पेनानं लिहितो, एस्टिमेटपेक्षा जास्त काम व्हॉट्सॲपवर लेखी होकार घेतल्याशिवाय करू नये. टॅब असेल तर तेच वाक्य ॲडव्हायझरच्या व्हॉट्सॲपला तिथंच उभा राहून पाठवतो. पोरगं थोडं वैतागतं, वैतागू दे. मग मीटरचा, पेट्रोलच्या काट्याचा, चारही बाजूंचा आणि स्टेपनी-जॅकचा फोटो, दोन मिनिटं लागत नाहीत.

चूक दुसरी आणि सगळ्यात महागाची: फोनवर "हां हां करा"

दुपारी एकच्या सुमाराला फोन आला. मी आसरा चौकात टू-व्हीलरवर, डोक्यावर रुमाल बांधलेला, मागून सिटी बसचा हॉर्न, आणि फोनवर ते पोरगं भराभरा बोलतंय, सर एसीत बुरशी आहे, थ्रॉटल बॉडी काळी झालीय, इंजिन फ्लश करून घेऊ, उंदीर वायर खातात म्हणून स्प्रे मारू, आतून गाडी क्लीन करून देऊ. (थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, आणि इंजिन फ्लश म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुणं.) मी काय म्हणालो? "हां हां, जे लागेल ते करा." हे चार शब्द म्हणजे सही केलेला कोरा चेक.

बिलात ते असे उतरले: एसी डिसइन्फेक्ट १४५०, इंजिन फ्लश ७८०, थ्रॉटल बॉडी ९००, उंदराचा स्प्रे ५५०, आतली सफाई १६२०. बेरीज करा, बरोबर ५३००. म्हणजे जेवढा फरक होता तेवढाच, आणि त्यातल्या एकाही कामासाठी गाडी मी आत घातलेलीच नव्हती.

फोनवर होकार द्यायचाच नाही. "फोटो आणि रेट पाठव, बघून सांगतो" एवढंच म्हणायचं. काम खरंच गरजेचं असेल तर फोटो येतो, जसं ब्रेक पॅड झिजले असतील तर किती मिलिमीटर उरलेत हे दाखवता येतं. गरजेचं नसेल तर गंमत बघा, तो फोटो येतच नाही, "सर सध्या राहू द्या, नेक्स्ट टाइम बघू" असा मेसेज येतो.

पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवणं

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. बिल दाखवल्यावर ते म्हणाले, "अरे गाडीचं पुस्तक वाचलास का कधी? नुसतं मोबाइलमध्ये काय बघायलास." ग्लोव्ह बॉक्समधून ओनर्स मॅन्युअल काढलं तर त्याची पिशवी पण फोडलेली नव्हती, साडेचार वर्षं झाली गाडी घेऊन.

त्या पुस्तकात मागच्या बाजूला एक तक्ता असतो, कुठल्या किलोमीटरला काय तपासायचं आणि काय बदलायचं. माझ्या गाडीला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आणि वर्कशॉपनं दाराला चिकटवलेल्या स्टिकरवर पुढची सर्व्हिस लिहिलेली ५,००० वर! इंजिन फ्लश त्या तक्त्यात कुठंच नाही. इंजिनाचा एअर फिल्टर दरवेळी बदला असं पण नाही, मधे मधे साफ करा आणि ठरावीक किलोमीटरनंतर बदला असं आहे. इंजिन ऑइल किती लिटर आणि कुठल्या ग्रेडचं हे पण तिथंच असतं, छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं, बिलात चार दिसलं तर विचारायचं की वरचं कुठं गेलं. गाडी ताब्यात घेताना सपाट जागेवर बॉनेट उघडून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघायची, ऑइल दोन खुणांच्या मधे पाहिजे, खाली पण नको आणि वर पण नको.

पण उलट बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस सगळ्यालाच फसवणूक म्हणतो. त्याच पुस्तकात धूळ आणि कडक ऊन असलेल्या भागासाठी, थोडं थोडं अंतर चालणाऱ्या गाडीसाठी वेगळी ओळ असते, की हे काम लवकर करा. आता आपलं सोलापूर म्हणजे धूळ किती, ऊन किती, आणि गाडी रोज जुळे सोलापूर ते सात रस्ता एवढीच पळते, म्हणजे ती ओळ आपल्यासाठीच लिहिलीय. एअर फिल्टर लवकर चोंदतो हे खरंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात ते पण बरोबर. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एका कडेनं खात असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत बसवणं, पाहिजेच, फक्त ते बाहेरच्या टायरवाल्याकडं बहुतेक वेळा स्वस्तात होतं.

एसी गॅस, बॅटरी वगैरे

"एसी गॅस दरवर्षी टॉप-अप करावा लागतो" हे कुणी सांगितलं तर हसायचं. गॅस बंद पाइपात फिरतो, पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला तर कुठंतरी लीक आहे, आधी लीक शोध म्हणायचं. बॅटरी उन्हानं लवकर जाते हे खरं, पण बदलायच्या आधी तिच्या वॉरंटी कार्डावरची तारीख बघा, कित्येक वेळा मुदत बाकी असते. इन्शुरन्स डीलरकडूनच घेतला पाहिजे असं काही नाही, दोन-तीन कोटेशन काढा.

पार्टवर लावलेला जीएसटी पण बघायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्ट्सवर सरसकट १८ टक्के आहे, आधी बऱ्याच पार्ट्सवर २८ होता. लेबरवर १८ होता, अजून १८च आहे. कुणी जुनाच रेट धरून बसला असेल तर बिलावर दिसेल.

वॉरंटी जाईल म्हणून सगळं तिथंच करून घेणं

ही भीती लई चालते. "सर बाहेर हात लावला तर वॉरंटी व्हॉइड." २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड केला होता, सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात असंही होतं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळं बिघाड झाला तर तेवढ्यापुरती नाकारता येईल. प्रकरण पुढं अपिलात गेलं, आणि प्रत्यक्षात क्लेम करताना तुम्ही एकटे आणि समोर कंपनी, हे पण आहेच. म्हणून माझा हिशोब साधा आहे, वॉरंटी आहे तोवर तक्त्यातली सर्व्हिस वेळेवर डीलरकडंच करायची, बिलं जपून ठेवायची, आणि धुणं-पुसणं, पॉलिश, कोटिंग, अलाइनमेंट असलं बाहेर. वॉरंटी संपली की ओळखीचं चांगलं गॅरेज. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची असेल तर मूळची संपायच्या आत घ्या, नंतर मिळवताना खेटे घालावे लागतात.

काउंटरवर आवाज चढवणं

आता त्या संध्याकाळचं सांगतो. बिल बघून मी तापलो, आवाज चढला, लाउंजमधले सगळे बघायला लागले, आणि तो ॲडव्हायझर शांतपणे म्हणाला, "सर तुम्हीच फोनवर हो म्हणालात." गप्पच झालो. मग काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं जुने पार्ट दाखव. वॉरंटीत किंवा इन्शुरन्समध्ये बदललेले पार्ट ते परत ठेवून घेतात, पण आपण पैसे देऊन बदललेले जुने पार्ट मागायचा आपल्याला हक्क आहे. ऑइल फिल्टर आणून दाखवला. एसीचा फिल्टर काही सापडेना, "सर स्क्रॅपमध्ये गेला."

एसीचा फिल्टर कुठं असतो माहितीय का? बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं, बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लटकतो आणि मागं फिल्टरचं झाकण दिसतं, पाना-स्क्रू ड्रायव्हर काही लागत नाही. मी तिथंच केलं. झाकण काढून फिल्टर ओढला तर काळाकुट्ट, आणि घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळलेली पानं. आमच्या पार्किंगमध्ये वर कडुनिंब आहे, पानं कुठली ते मला सांगायला नको. बिलात नवीन फिल्टर लावलेला, किंमत चारशे वीस रुपये. आकडा मी बनवलेला नाही, बिल अजून जपून ठेवलंय.

आणि फिल्टर बाहेर काढलाच नाही तर मग एसी आतून साफ कधी केला?

त्यानंतर आवाज चढवला नाही. फिल्टरचे फोटो काढले, वर्क्स मॅनेजरला बोलावलं. त्यानं "टेक्निशियनची मिस्टेक" म्हणून नवा फिल्टर आणतो म्हटलं, पैसे कमी करायचं नाव नाही. पैसे भरल्याशिवाय गेट पास मिळत नाही, म्हणून भरले, पण बिलाच्या त्यांच्या प्रतीवर लिहिलं, हरकत ठेवून पैसे भरत आहे, आणि खाली सही-तारीख. मग रात्री घरी बसून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केला. डीलर वेगळा आणि कंपनी वेगळी हे लक्षात ठेवा, डीलरला सगळ्यात जास्त टोचतं ते कंपनीकडून आलेलं तक्रारीचं तिकीट. मेलमध्ये रडगाणं नाही, जॉब कार्ड नंबर, बिल नंबर, तारीख, फोटो, आणि काय पाहिजे ते एका ओळीत: फिल्टरचे ४२० आणि एसीचे १४५०, एकूण १८७० परत.

नवव्या दिवशी पैसे आले. बाकीच्या कामांचे पैसे मी मागितलेच नाहीत, हो मीच म्हणालो होतो.

मेलनं काम झालं नसतं तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५, तिथं तक्रार नोंदवली की ते कंपनीकडं पाठवतात. तिथंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं हेड ऑफिस दिल्लीत असलं तरी तुम्ही सोलापुरात करायची. पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. तक्रार ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवरून पण टाकता येते.

आणि तो फीडबॅकचा फोन

सर्व्हिस झाली की दोन-चार दिवसांत कंपनीतून फोन येतो, दहापैकी किती मार्क. त्याच्या आधी ॲडव्हायझर हात जोडून सांगून ठेवतो, सर दहाच द्या, नऊ दिले तरी आमचा पगार कापतात. खरं-खोटं देव जाणे, पण मार्कांना तिथं किंमत आहे एवढं नक्की. लोक दया येऊन दहा देतात आणि नंतर कस्टमर केअरला तक्रार करायला जातात, तेव्हा त्यांच्या रेकॉर्डला दहापैकी दहा! मी तेव्हा तीन दिले होते, आणि पोराला आधी सांगितलं होतं की तीन देणार आहे.

यंदाची सर्व्हिस बुधवारी सकाळी टाकली, शनिवार-रविवारच्या गर्दीत आणि सणाच्या आदल्या आठवड्यात गाडीकडं बघायला कुणाला वेळ नसतो. एसी फिल्टरच्या कडेला घरूनच मार्करनं तारीख टाकून नेली. दुपारी फोन आला, म्हटलं व्हॉट्सॲप कर, काही आलं नाही. संध्याकाळी बिल सहा हजार नऊशेचं, आणि तोच पोरगा जुना फिल्टर पेपरात गुंडाळून स्वतःहून घेऊन आला, माझी तारीख वर दिसेल असा धरून. म्हणाला, "सर, या वेळी दहा?"

नऊ दिले. गाडी धुतली नव्हती नीट.