चार इंची ग्राइंडर: या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात शेजारच्या वाडीतले एक काका आमच्या शेडमध्ये आले. हातात नवाकोरा चार इंची ग्राइंडर, अजून खोक्याचा थर्माकोल चिकटलेला. म्हणाले, "अरे, हे टोपण सारखं मध्ये येतंय. तेवढं काढून दे बघू." टोपण म्हणजे फिरत्या चकतीवरचं झाकण, गार्ड. मी नाही म्हटलं, तर काका रुसून गेले. दुसरीकडून काढून घेतलं असणार, कारण आपल्याकडे गार्ड काढून देणारे पावलोपावली भेटतात.

ड्रिल, मार्बल कटर, जिगसॉ या सगळ्यांत माणसाला सर्वांत जास्त फसवणारी मशीन मला हीच वाटते. किंमत कमी, वजन दोन किलोच्या आत, आणि लोखंड कापण्या-घासण्यासाठी बनलेल्या या मशीनवर आपण लाकूड कापतो, फरशी कापतो, भिंतीत वायरिंगसाठी खाच मारतो आणि कोयत्याला धारही लावतो. एका मशीनकडून सगळी कामं करून घ्यायच्या हौसेतूनच पुढच्या बहुतेक चुका होतात.

गार्ड काढणे

चार इंची ग्राइंडर मोकळा फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वर धावते. पातळ कटिंगची चकती जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. ती फुटली की तुकडे कड ज्या दिशेला फिरते त्याच रेषेत सुटतात, आणि त्या रेषेत बहुतेक वेळा आपलं तोंड किंवा पोट असतं. मध्ये आडवं यायला गार्डशिवाय दुसरं काहीच नसतं.

"गार्ड असलं की कोपऱ्यात मशीन जात नाही" ही तक्रार खोटी नाही. पण गार्ड फिरवता येतं. मशीन बंद करून, प्लग काढून क्लॅम्प ढिला करा आणि गार्डची बंद बाजू आपल्याकडे येईल असं फिरवून घ्या. तरीही जागा पुरत नसेल तर तिथं हॅक्सॉ चालवा. दहा मिनिटं जास्त लागतील.

"सात इंची चकती बसते की यावर!"

गार्ड निघालं की पुढचा उद्योग हाच. चकतीच्या लेबलवर कमाल फेरे छापलेले असतात. चार इंची चकतीवर साधारण १५,००० च्या पुढचा आकडा असतो, सात इंची चकतीवर ८,५०० च्या आसपास. ती सात इंची चकती ११,००० फेऱ्यांच्या मशीनवर चढवली की ती तिच्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर फिरते. भोकही जुळत नाही. चार इंचीचं भोक १६ मिलिमीटर, मोठ्या चकत्यांचं २२ च्या थोडं वर. मग वायसर घालून जमवाजमव होते, चकती मध्यावर बसत नाही आणि मशीन थरथरायला लागते.

लाकडाचं दातेरी पातं

याबद्दल मी थोडा हट्टी आहे. ग्राइंडरवर दातेरी पातं लावूच नका. बाजारात ते सहज मिळतं, सुतार वापरताना दिसतात, हे सगळं मान्य. पण लाकडासाठीच्या सात इंची सर्क्युलर सॉचे फेरे साधारण ५,००० ते ५,५०० असतात, खाली टेकायला सपाट बूड असतं, आणि पातं लाकडाबाहेर आलं की झाकण आपोआप बंद होतं. ग्राइंडरला यातलं काही नाही. लाकडात गाठ लागली किंवा फळी खाली वाकून काप मिटला, की दाता अडकतो आणि मशीन हातातून उसळते. इथे चकती फुटत नाही, मशीनच अंगावर येते. तेवढ्यात स्विच बंद करायला वेळ मिळत नाही.

असा झटका लोखंड कापतानाही बसतो. कारण बहुतेकदा आधाराचं असतं. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधे कापला, तर शेवटी दोन्ही तुकडे आत झुकतात आणि चकतीला चिमटा बसतो. म्हणून कापून पडणारं टोक मोकळं लोंबतं ठेवा आणि उरलेला भाग शिकंजात पक्का धरा. पायाखाली पाइप दाबून कापायची सवय आमच्याकडच्या पोरांनाही आहे. त्यासाठी मी रोज ओरडतो.

कटिंगच्या चकतीने घासणे

कोयत्याची धार करायची म्हणून पातळ चकतीची चपटी बाजू पात्यावर दाबणारे घरोघरी आहेत. ही चकती फक्त कडेने कापण्यासाठी असते. बाजूने दाब आला की तिच्यातली जाळी तुटते. तडा दिसत नाही, पण पुढच्या कापाला ती फुटू शकते. घासायला जाड ग्राइंडिंगची किंवा पाकळ्यांची फ्लॅप चकती लावा. कोयत्यासाठी तर साधा दगडच बरा, कारण ग्राइंडरने पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं म्हणून समजा.

नवी चकती लावली की लगेच कापायला घेऊ नका. मशीन अंगापासून लांब, जमिनीकडे तोंड करून अर्धा-एक मिनिट मोकळी फिरवा. चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ती तारीख उलटून गेली असेल तर चकती टाकून द्या. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या चकत्यांची तारीख बघायचीही गरज नाही. ओल लागली की चकतीचे कण धरून ठेवणारा चिकट भाग कमजोर होतो.

लाईट गेली, मशीन हातातच

ही खास आपल्याकडची चूक. काम चालू असताना लाईट जाते. माणूस मशीन खाली ठेवतो आणि चहाला जातो. स्विच मात्र लॉक करून चालूच राहिलेला असतो. लाईट आली की मशीन जमिनीवर नाचायला लागते. आमच्या शेडमध्ये एकदा ती स्वतःचीच केबल कापून थांबली. कोणाचा पाय जवळ नव्हता, एवढंच नशीब. लाईट गेली की आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर. चकती बदलतानाही प्लग काढायचाच. बॅटरीची मशीन असेल तर बॅटरी काढा.

प्लगवरून आठवलं. वायरींची उघडी टोकं सॉकेटमध्ये कोंबून वर काडीपेटीच्या काड्या खोचणं आता तरी बंद करा. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळी सोडून पूर्ण मोकळी करा, गुंडाळलेली वायर मोठ्या लोडवर तापते. फरशी पाणी मारून कापणार असाल तर ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईट तोडणारा स्विच) असल्याशिवाय सुरू करू नका. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन काढलेला असेल तर तिला दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची पिन नसली तरी चालते. पण ओल्या मशीनला हे लागू नाही.

डोळे

नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही, कण बाजूने आत येतो. गॉगल घट्ट बसणारा हवा, कापताना वर फेस शील्ड असेल तर उत्तम. डोळ्यात लोखंडाचा कण गेला की शेडमधला कोणी जाणकार रुमालाचं टोक पिळून किंवा काडीला कापूस लावून तो काढायला येतो. त्याला हात लावू देऊ नका. बुबुळावर रुतलेला कण काही तासांत गंजायला लागतो आणि भोवती गंजाची कडी राहते. ती नेत्रतज्ज्ञाकडेच काढावी लागते. डोळा चोळू नका, त्याच दिवशी जा.

फरशी किंवा काँक्रीट कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते. नाकाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही, एन-९५ मास्क लागतो. ठिणग्याही लांब जातात. थिनरचा डबा, कॉटन वेस्ट आधी बाजूला करा. खिडकीची काच झाका, तिच्यावर ठिणगी चिकटली की पडलेला तपकिरी ठिपका कधीच जात नाही. आम्ही एका ग्राहकाला अख्खी स्लायडिंग बदलून दिली आहे.

मशीन कुरकुर करतेय?

थरथरत असेल तर चकती काढून पुन्हा बसवा. नट उलटा लागलेला असतो, किंवा चकतीला कुठेतरी टवका गेलेला असतो. मागच्या फटींतून जास्त ठिणग्या दिसत असतील आणि मशीन मधेच दम टाकत असेल तर मोटरला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले असतील. दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना नको. जळका वास आला तर आपण दाब जास्त देतोय. हात हलका करा, मशीन मोकळी फिरवून गार होऊ द्या. नट अडकला तर हातोडी मारू नका. चकतीचं फिरणं अडवणारी मागची पिन दाबून पान्ह्याने सोडवा, पण चकती पूर्ण थांबल्यावरच.

खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशीन बाहेर काढून पुसतो. केबल बोटांनी चाचपतो, ब्रश बघतो, जुन्या चकत्या मोडून टाकतो. मग हार, हळदकुंकू. एक वर्षी पोरांनी भक्तिभावाने प्रत्येक नव्या चकतीच्या लेबलवर कुंकवाचं बोट उमटवलं होतं, नेमकं फेऱ्यांच्या आकड्यावर. आता कुंकू मशीनच्या पाठीवर लावतो.